कॅप्टनच्या फुप्फुसांचा खर्च

गल्लीत त्यांना लहानथोर सगळे कॅप्टन म्हणत. ते जहाजावर जात, एवढं खरं होतं. पण जहाज जिथून चालवतात ती खोली त्यांनी अठ्ठावीस वर्षांत एकदाही आतून पाहिली नव्हती. ते सॅक्सोफोन वाजवत. प्रवासी जेवत असताना वाजवत, नाचत असताना वाजवत, आणि जेवून-नाचून दमलेले प्रवासी खुर्चीतच घोरू लागले की त्यांची झोप मोडणार नाही इतक्या बेताने वाजवत. वर्षातले आठ महिने पाण्यावर, चार महिने घरी. बायको पोस्टात काउंटरवर होती. ती मैत्रिणींना सांगे, "आठ महिने शांतता आणि चार महिने सूर. इतका सुखी संसार गल्लीत दुसरा दाखवा."

कॅप्टनचं वाजवणं फार चमत्कृतीचं नव्हतं. बोटं साधारण चालत. पण दम असा होता की भल्याभल्यांनी तोंडात बोट घालावं. त्यांच्या गुरुजींनी त्यांना पहिलं वर्षभर वाद्याला हातच लावू दिला नव्हता. समोर मेणबत्ती पेटवून ठेवायची आणि तिच्यावर फुंकर घालायची. ज्योत वाकली पाहिजे, पण विझता कामा नये. विझली की गुरुजींची पट्टी पाठीत. पहिल्या महिन्यात मेणबत्त्या जास्त विझल्या की पाठ जास्त सुजली, हे सांगणं कठीण. पण वर्षअखेरीस कॅप्टन ती ज्योत पाऊण मिनिट वाकवून धरू लागले. छातीतली हवा उधळायची नसते, थेंबाथेंबाने खर्चायची असते, हे त्यांच्या हाडामांसात भिनलं. पुढे आयुष्यभर ते दाढीचा साबण, चपलांचे तळ आणि बोलणं, सगळंच त्या बेताने वापरत आले.

आता जहाजावर चढायचं म्हणजे आधी तब्येतीचा दाखला लागतो. त्यालाही कुणाची हरकत असायचं कारण नाही. कॅप्टनच्या पहिल्या कराराच्या वेळी एका वयस्कर डॉक्टरने त्यांची जीभ पाहिली, पोट दाबलं, "दारू?" म्हणून विचारलं, आणि उत्तर यायच्या आत शिक्का मारला. सगळं दहा मिनिटांत. मग दरवर्षी जगात सुधारणा होत गेली आणि तपासण्या वाढत गेल्या. रक्त, लघवी, एक्स-रे, दात, कान, हृदयाचा आलेख, पट्ट्यावर धावणं. रंगीत ठिपक्यांमधून आकडे ओळखायची परीक्षाही आली. न जाणो, उद्या भर समुद्रात सॅक्सोफोनवाल्याच्या हाती सुकाणू द्यायची पाळी आली तर त्याला लाल-हिरवा दिवा कळायला नको? अर्ज सगळ्यांना एकच. त्यात 'शेवटची मासिक पाळी कधी' असा रकाना होता. कॅप्टननी तो कोरा सोडला, म्हणून एका वर्षी अर्ज अपुरा ठरून परत आला होता आणि तो पुन्हा सादर करायची फी निराळी पडली होती.

हा सगळा खर्च वादकाने स्वतः करायचा, तोही कंपनीने नेमून दिलेल्या तपासणी केंद्रातच. दाखला मिळून माणूस जहाजावर चढला की कंपनी त्यातला काही भाग परत देई. कुठला भाग, ते कंपनीच्या त्या वर्षीच्या मनःस्थितीवर अवलंबून असे. प्रवाशांना मात्र असली काही कटकट नाही. छातीत दोन नळ्या बसवलेले ऐंशी वर्षांचे गृहस्थ कार्ड घासून चढत आणि तळलेल्या पदार्थांच्या रांगेत उभे राहत. त्यांना वाजवून दाखवणारा माणूस तेवढा पैलवान हवा.

त्या वर्षी कॅप्टन सत्तावन्नचे झाले होते. सोमवारी सकाळी एजंटचा फोन आला. एजंट तिशीचा, उत्साही, आणि सगळ्या वाईट बातम्या अभिनंदनाच्या सुरात देणारा.

"काका, नवीन करार आलाय! तेच जहाज, तीच जागा. फक्त मेडिकल गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाहिजे."

"आज सोमवार आहे."

"म्हणजे चार दिवस आहेत की! आणि काका, या वेळी चुकवू नका हं. पंचावन्नच्या वरच्यांना कंपनी नवीन घेत नाही. चालू आहेत तेवढेच चालू. एक करार सुटला की नाव यादीतून बाहेर."

कॅप्टननी फोन ठेवला. बायको डबा भरत होती. तिने विचारलं, "काय म्हणतोय?"

"म्हणतोय, चार दिवसांत सिद्ध करा की तुम्ही जिवंत आहात."

"मग उठा. पासपोर्टचे फोटो आहेत ना? तिकडे गेल्यावर नाही म्हणू नका. रोज माझ्या काउंटरवर दहा जण तसेच येतात."

तपासणी केंद्र तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. तब्येत तपासायला आलेली माणसं वर पोचेपर्यंत अर्धी आजारी होत. दारातल्या बाकावर खलाशी, आचारी, खोल्या झाडणारे, एक जादूगार, असे पंधरा-वीस जण धापा टाकत बसले होते. कॅप्टन वर आले तेव्हा त्यांचा श्वास जसाच्या तसा होता. ही गोष्ट तिथे कुणी लिहून घेतली नाही, कारण तिचा रकाना नव्हता.

काउंटरवरच्या माणसाने आधी पैसे घेतले. रक्कम ऐकून कॅप्टननी दोनदा विचारलं. गेल्या वर्षापेक्षा दीडपट होती. घराचं दोन महिन्यांचं भाडं त्यात बसलं असतं.

"एक तपासणी वाढलीये," तो माणूस म्हणाला. "फुप्फुसांची. फुंकायची असते."

"फुंकायची?" कॅप्टनना हसू आलं. "मग माझे पैसे कमी करायला पाहिजेत. मी फुंकण्याचेच पैसे घेतो."

त्या माणसाने मान वर न करता पावती फाडली.

सकाळभर कॅप्टन या खोलीतून त्या खोलीत फिरले. ठिपक्यांमधले आकडे ओळखले, दात मोजून दिले, पट्ट्यावर धावले. दुपारी दीडच्या सुमारास त्यांना एका प्लायवूडच्या खोलीत बोलावलं. तिथे एक टेक्निशियन मुलगी होती. नळीला जोडलेलं यंत्र आणि पडदा समोर ठेवून ती सकाळपासून तीच चार वाक्यं म्हणत होती. तिने कॅप्टनच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली आणि म्हणाली, "काका, मोठा श्वास घ्या आणि फुंका. संपेपर्यंत थांबायचं नाही. फुंका, फुंका, फुंका!"

इथे कॅप्टनच्या आयुष्यातली सर्वांत महागडी चूक झाली. नळी ओठांना लागली, आणि अठ्ठावीस वर्षं जहाजावरची आणि त्याआधीची मेणबत्तीसमोरची सगळी शिस्त आपोआप कामाला लागली. त्यांनी पोटापासून श्वास घेतला, खांदे हलू दिले नाहीत, आणि हवा सोडली. एकसारखी, संथ, तारेसारखी सरळ. पडद्यावरची रेघ हळूहळू चढत राहिली. बारा सेकंद, पंधरा, वीस. मुलगी "फुंका, फुंका" म्हणून दमली आणि गप्प बसली. कॅप्टन फुंकतच होते. सूर कुठे हलला नाही, फाटला नाही. थांबल्यावर त्यांनी चिमटा काढला आणि सवयीने किंचित मान झुकवली.

"काका, जोर नाही," मुलगी म्हणाली. "परत करा."

कॅप्टननी परत केलं, आणखी काळजीपूर्वक. या खेपेला पंचवीस सेकंद गेले. तिसऱ्यांदा तर त्यांनी शेवटी सूर असा विरत नेला की ऐकणाऱ्याला तो संपला कधी ते कळू नये. बाहेर चौदा जण उभे होते. मुलीने बटण दाबलं, कागद काढला, आणि पुढच्याला हाक मारली.

मंगळवारी अहवाल आला. सगळं उत्तम, फुप्फुसं मात्र कमजोर. श्वासनलिका आकसलेली. यंत्र पाहतं ते एवढंच, की पहिल्या सेकंदाला छातीतून किती हवा धाडकन बाहेर पडली. कॅप्टननी पहिल्या सेकंदात चार थेंब सोडले होते. यंत्राच्या लेखी हा माणूस जुना दमेकरी होता; जिना चढून आलाच कसा, हे नवल. अहवालाला एक चिठ्ठी टाचलेली होती: छातीच्या तज्ज्ञांकडे जावे. तज्ज्ञांचा पत्ता छापीलच होता, आणि त्यांची फी चिठ्ठीच्या मागे पेनाने लिहिली होती.

बुधवारी बायकोने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. "तुम्ही एकटे गेलात तर तिथे दोन शब्द बोलणार नाही आणि तीन बिलं भरून याल," ती म्हणाली.

तज्ज्ञांच्या दवाखान्यात गुळगुळीत फरशी होती आणि मासे पोहणारी काचेची पेटी होती. त्या माशांच्या खाण्याचा खर्च कुठून निघतो हे बायकोने बिल बघताच ओळखलं. आधी नवा एक्स-रे काढायला सांगितला. पहिल्याला जेमतेम दोन दिवस झाले होते. पण तेवढ्यात छातीचं रूप पालटलं असलं तर? मग फुंकायची तपासणी झाली. मग श्वासनलिका उघडायचं औषध हुंगायला दिलं, वीस मिनिटं माशांसमोर बसवलं, आणि पुन्हा फुंकायला लावलं. औषधाने तसूभर फरक पडला नाही. उलट कॅप्टन आता तीस सेकंदांवर गेले होते. औषध चांगलं असावं.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या होत्या. त्यांनी रेघ पाहिली, एक्स-रे पाहिला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग खुर्ची मागे सरकवून त्या म्हणाल्या, "तुम्ही काम काय करता?"

तीन दिवसांत, दोन इमारतींत, एवढा एकच प्रश्न कुणी विचारला नव्हता. अर्जात तो होता, पण तो वाचण्यासाठी नसावा.

"सॅक्सोफोन वाजवतो."

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि हसायला लागल्या. "अहो, मग तुम्ही वाजवताय! इथे वाजवायचं नाही. इथे हवा टाकून द्यायची. भसकन. कशीही."

"कशीही म्हणजे?"

"म्हणजे वाईट. जितकं वाईट फुंकाल तितकं चांगलं."

कॅप्टननी प्रयत्न केला. श्वास घेतला, आणि ओठांनी आपलंच काम केलं. पुन्हा केला, पुन्हा तेच. एखाद्या सभ्य माणसाला भर चौकात शिवी द्यायला सांगावी तसं त्यांचं झालं. कान लाल झाले.

बायको कोपऱ्यात पर्स धरून बसली होती. ती म्हणाली, "अहो, फुंका की. इथं कोण ऐकायला बसलंय?"

"तू बसलीयेस."

"मी?"

"तू जरा बाहेर जा ना."

तीस वर्षांच्या संसारात या माणसाने घोरणं, ढेकर, पायमोजे, काही म्हणजे काही तिच्यापासून लपवलं नव्हतं. पण बेसूर फुंकायला त्याला आडोसा हवा होता. ती उठून माशांकडे गेली. दार लोटलेलं असतानाही तिला तो आवाज ऐकू आला. सायकलच्या ट्यूबचं तोंड सुटावं तसा. पाठोपाठ डॉक्टरीणबाईंची टाळी. "उत्कृष्ट! पोहणाऱ्यांची असतात तशी फुप्फुसं आहेत तुमची!" कॅप्टन बाहेर आले ते मान खाली घालून.

गुरुवारी दुपारी तज्ज्ञांचा कागद घेऊन ते पुन्हा तिसऱ्या मजल्यावर हजर झाले. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: 'श्वसनाचा कोणताही रोग नाही.' आता केंद्राच्या डॉक्टरांची सही झाली की दाखला थेट एजंटकडे जायचा. डॉक्टर जेवायला गेले होते. कॅप्टन बाकावर बसले.

शेजारी पस्तिशीची एक बाई बसली होती, पायांशी वाद्याची पेटी. पेटीच्या आकारावरून कॅप्टननी ओळखलं.

"टेनर सॅक्सोफोन?"

"हो. तुम्हीपण वाजवता, सर?"

"थोडंफार."

"मला काल एकदम फोन आला," ती मोकळेपणाने सांगू लागली. "एका जहाजावर कुणी म्हातारे आहेत, त्यांचं मेडिकल अडकलंय म्हणे. बदली म्हणून तयार राहा, पाचच्या आत दाखला आला तर बघू, असं एजंट म्हणाला. पैसे माझेच, वर आजच्या आज अहवाल हवा म्हणून जादा. शिकवण्यांची उचल घेऊन आलेय, बाकी तपासण्या सकाळीच उरकल्या. तुमचं कुठलं जहाज?"

"ठरलं नाही अजून," म्हातारे म्हणाले.

तेवढ्यात तिला आत बोलावलं. प्लायवूडला कान लावायची गरज नव्हती. मुलीचं "फुंका, फुंका" सुरू झालं, आणि त्याखालून कॅप्टनना तो श्वास ऐकू आला. संथ. भरलेला. सुरुवातीला धक्का नाही, शेवटी थरथर नाही. असा दम कमवायला किती वर्षं जातात हे त्या इमारतीत एकट्या त्यांनाच माहीत होतं.

"ताई, जोर नाही. परत."

तीन वेळा झालं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तीच चिठ्ठी होती, मागे पेनाने तोच आकडा. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तज्ज्ञांकडे जाऊन ती पाचच्या आत परत येणं शक्य नव्हतं, आणि तो आकडा तिच्याकडे नव्हताच. ती बाकावर बसली आणि चिठ्ठी पुन्हा पुन्हा उलटीसुलटी करू लागली.

कॅप्टननी फक्त गप्प बसायचं होतं. ते काम त्यांना उत्तम जमे. बायको तर म्हणे की त्यात त्यांना बक्षीस मिळालं असतं. ते चार मिनिटं गप्प बसलेसुद्धा. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं. ते त्यांनी सहाही टप्प्यांसकट पाठ केलं.

मग म्हणाले, "ताई, गुरूंनी मेणबत्तीवर बसवलं होतं का?"

"मेणबत्ती नाही. कागदाचा कपटा. भिंतीला फुंकरीने दाबून धरायचा."

"किती वेळ?"

"चाळीस सेकंद."

"तो कपटा उडवून द्या. आत जा, त्या मुलीला सांगा परत घे म्हणून, आणि भसकन सोडा. लाज वाटेल. डोळे मिटा."

तिने चिठ्ठीची घडी केली. मग उठली आणि आत गेली. बराच वेळ हुज्जत ऐकू आली. मुलगी म्हणत होती की कागद निघालाय, आता काही होत नाही. शेवटी एकदा तो सायकलच्या ट्यूबसारखा आवाज आला, आणि बाकावरचा एक खलाशी दचकून जागा झाला.

डॉक्टर जेवून आले, सह्या झाल्या, आणि चार चाळीसला काउंटरवरच्या माणसाने दोन्ही दाखले एजंटला पाठवले. आधी कॅप्टनचा, मग तिचा. जिना उतरताना तिने विचारलं, "सर, ते म्हातारे म्हणजे तुम्हीच ना?"

"सत्तावन्न म्हणजे काही म्हातारा नाही," कॅप्टन म्हणाले. "अंगाला ऊन लागलंय नुसतं."

शुक्रवारी एजंटचा फोन आला, आणि आवाजातल्या उत्साहावरूनच बायकोला काय ते कळलं.

"काका, दोन्ही मेडिकल एकदम फर्स्ट क्लास! पण कंपनीने त्या ताईंना घेतलं."

"माझा दाखला आधी पोचला होता."

"पोचला, पोचला. पण काका, तुमच्या फाईलमध्ये छातीच्या तज्ज्ञांचा कागद आहे. विमावाल्यांना तो आवडला नाही."

"त्यात लिहिलंय की रोग नाही."

"तेच तर! ते म्हणतात, रोग नाही असं मुद्दाम लिहून का घ्यावं लागलं? त्या ताईंच्या फाईलमध्ये बघा, तज्ज्ञ नाही, काही नाही. स्वच्छ."

"आणि पैसे?"

"ते जहाजावर चढल्यावर मिळतात, काका. तुम्ही चढत नाही आहात."

बायकोने सगळं उभ्याने ऐकलं. मग समोर बसून, काउंटरवर एखाद्याचा चुकीचा अर्ज हातात घ्यावा तशा शांतपणे तिने विचारलं, "तिचा कागद स्वच्छ कसा राहिला? तिलाही तेच यंत्र होतं ना?"

कॅप्टन वाद्याची पेटी पुसू लागले.

"तुम्ही सांगितलंत तिला."

"हो."

"पाच वाजल्यावर सांगायचं होतं."

"पाच वाजल्यावर तिला काय उपयोग?"

"आणि तुम्हाला?"

"अगं, इतका सुंदर श्वास होता तिचा," कॅप्टन म्हणाले. "आणि ती यंत्रावरची पोरगी त्याला कमजोर म्हणाली. तीनदा म्हणाली."

यावर बायकोला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. दोन महिन्यांचं भाडं होतं, मासे होते, तिची अर्ध्या दिवसाची रजा होती. तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

अशा रीतीने कॅप्टन गल्लीतले सर्वांत निरोगी बेकार ठरले. हृदय, दात, कान, रंगांची पारख, सगळं सहीशिक्क्यानिशी उत्तम. फुप्फुसं तर पोहणाऱ्यांची. त्यांनी घरीच चार शिकवण्या धरल्या. संध्याकाळी बायको पोस्टातून येई तेव्हा पुढच्या खोलीत कुणीतरी ज्योत विझवत बसलेलं असे.

तीन महिन्यांनी एजंटचा पुन्हा फोन आला. कॅप्टन वाजवत होते, म्हणून तो बायकोने घेतला.

"काकू, आनंदाची बातमी! कंपनीने नियम बदललाय. काकांना बदलीच्या यादीत घेता येईल. फक्त मेडिकल नवीन करावं लागेल, जुनं तीन महिन्यांपुरतंच असतं."

"जागा नक्की आहे का?"

"नक्की असं नाही. तयार राहायचं. बोलावलं तर बोलावलं. काका आहेत ना? देता का?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. डोळे तिच्याकडे होते, ओठ वाद्यावर, आणि एक लांब सूर निम्म्यावर आला होता. तो मध्येच सोडून ते उठतील, असं तिला क्षणभर वाटलं. ते उठले नाहीत. नुसती मान हलवली. उजवीकडे, डावीकडे, सूर न हलवता.

"ते घरात नाहीत," ती म्हणाली.

"मग वाजवतंय कोण, काकू?"

"आहेत एक दमेकरी. तुमच्याच यंत्राने शोधून काढलेत," ती म्हणाली, आणि सूर पुरा होईपर्यंत थांबून तिने फोन खाली ठेवला.